सूत, तसू आणि मिलिमीटर

'सुतार' हा शब्द संस्कृतातील 'सूत्रधार' या शब्दापासून आला, असे वर्गात सांगितले की मुले हसतात. सूत्रधार म्हटला म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे नाटकातला, नटीशी बोलणारा गृहस्थ उभा राहतो! पण शब्दाचा सरळ अर्थ सूत हाती धरणारा असा आहे. आणि लाकडावर रेघ मारायला सुतार अजून रंगात बुडवलेले सूत ताणतो. त्याचे मापही सूतच. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत. त्यापूर्वी गजाचे चोवीस तसू होते. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान पद्धती आली, वाण्याचे शेर आणि मण गेले; सुताराचे सूत मात्र काही तुटले नाही.

महाडातले माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आजही 'दोन फूट, तीन सूत' असेच बोलतात. त्यांच्या गोल करवतीच्या टेबलावर यंदा मिलिमीटरचे आकडे दाखवणारी एक चिमुकली पेटी बसली, हे ऐकून मी मुद्दाम पाहायला गेलो.

या टेबलावर पाते जागेवर फिरते आणि लाकूड त्याच्यावर ढकलायचे असते. पात्याला समांतर अशी एक सरकती पट्टी असते. तिला इंग्रजीत फेन्स म्हणतात, आमचे मिस्त्री 'गाइड' म्हणतात. गाइड आणि पाते यांत जितके अंतर, तितक्या रुंदीची फळी निघते. हे अंतर आजवर टेपने मोजले जाई. टेपचे टोक सैल, डोळा जरा तिरपा, की अर्धे सूत इकडेतिकडे झालेच. सागवानाच्या चौकटीला रंध्याने ते सुधारता येते. सनमायका लावलेल्या प्लायवुडला रंधा कुठून मारणार?

यात मिस्त्रींची पोटाची गोष्ट अडकली आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी महाडात शिरले, त्यात त्यांच्या मोटारी गेल्या. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूरकडेही दरडींनी माणसे नेली. तेव्हा यंत्रांचे दुःख कोणापुढे सांगायचे, असे ते म्हणतात. पुढे कर्ज काढून नवे टेबल घेतले. आता गिऱ्हाईक मुंबई-पुण्याच्या कारखान्यात कापलेले स्वयंपाकघर पाहून येते आणि कपाटाच्या दोन दारांमधली फट बोट लावून तपासते. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो.

पेटी बसवली ती मुलाने. गाइड ज्या लोखंडी पट्टीवर सरकते, तिला स्पिरिटने पुसून तिच्यावर चुंबकी फीत चिकटवली. फितीत उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने असतात. गाइडला जोडलेला संवेदक त्यांच्यावरून सरकताना ते मोजतो आणि आकडा पेटीवर उमटतो. भुशाचा चुंबकाला त्रास नाही. फीत सरळ हवी आणि संवेदक तिच्यापासून सर्वत्र सारख्या अंतरावर हवा, एवढ्यासाठी बापलेकांची अख्खी दुपार गेली.

पेटीला शून्य शिकवावे लागते. एक पट्टी कापायची, ती व्हर्नियर कॅलिपरने मोजायची आणि ते माप पेटीत भरायचे. पाते बदलले की पुन्हा तेच. कारण नव्या पात्याचे दाते कमीजास्त जाड. दात्यांची जाडी हा मोठा चोर! २४४० मिलिमीटर लांबीच्या फळीचे चार समान भाग करायचे, तर शाळेतले उत्तर ६१०. पण तीन काप प्रत्येकी ३.२ मिलिमीटर भुसा करतात, म्हणून गाइड ६०७.६ वर लावावी लागते. मी हा हिशेब कागदावर मांडीत होतो तोच मिस्त्री म्हणाले, "सर, पातं एक सूत खातं. आमच्या वडिलांनाही ठाऊक होतं." एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर!

पेटी मिलिमीटरचा शंभरावा भागही दाखवते. आषाढातल्या महाडात त्याला फारसा अर्थ नाही, असे माझे मत. ओल्या हवेत फुगलेली सागवानी फळी माघापर्यंत याच्या कितीतरी पट आकसते. शिवाय पेटी एकाच जागचे अंतर सांगते. गाइडचे पलीकडचे टोक पात्याकडे किंचित वळले, तर आकडा बरोबर आणि काप वाकडा. वर लाकूड पात्यात अडकून मागे उसळण्याचा धोका. म्हणून मिस्त्री रोज सकाळी गाइडची दोन्ही टोके हाताने मोजतात. मुलाला हे जुनाट वाटते. "आकडा बरोबर आहे ना, बाबा?" "आकडा आहे रे. गाइड कुठं बघते ते बघ."

मुलाला पोलादपुरात दुसरे दुकान थाटायचे आहे, आणि तिथल्या टेबलावर पहिल्या दिवसापासून अशीच पेटी हवी आहे. बापाने खर्चाची यादी केली आहे. तिच्यात पात्यावरचे झाकण पहिले, पात्यामागची पाचर दुसरी, लाकूड ढकलायचा दांडा तिसरा. पेटी चौथी आहे.