मुरलेल्या लाकडाचं हलणं

जुनं सागवान हलत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याच्या घरचं दार जुलैत चौकटीला घासतं. दार आजोबांच्या काळातलं असलं तरी घासतं. मग सुतार येतो, कड रंध्याने उतरवून जातो, आणि मार्चमध्ये त्याच कडेच्या फटीतून जिन्यावरचा उजेड घरात येतो. दरवर्षी हे डोळ्यांसमोर घडत असूनही वखारीत ‘मुरलेला माल आहे, डोळे झाकून न्या’ हे वाक्य खपतं. मीही लाकूड तिथूनच आणतो. फक्त डोळे उघडे ठेवतो.

पुण्यात जुने वाडे उतरतात तेव्हा त्यांच्या लगी, खांब, कड्या आणि कडीपाटाच्या फळ्या जुन्या लाकडाच्या दुकानांत येऊन पडतात. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या माझ्या छोट्या कारखान्याला हाच माल परवडतो आणि आवडतोही. लागवडीतल्या कोवळ्या सागाला बाहेरचा पांढरट भाग जास्त असतो आणि भुंगा नेमका तिथेच लागतो. त्या भागातल्या पिष्टावर अळी पोसते आणि फळीखाली मैद्यासारखी बारीक पूड पडत राहते. जुन्या लगीत बहुतेक सगळा गाभाच सापडतो. सागाचा गाभा किती टिकतो याचा पुरावा हवा असेल तर इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आहे. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका तिथे आजही तरंगते आहे. पण न कुजणं वेगळं आणि न हलणं वेगळं. वखारवाला पहिल्याची हमी देताना दुसरीही बेमालूम खपवतो.

लग घरी आली की पहिलं काम खिळ्यांचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. जुने घडीव खिळे चौकोनी असतात, डोकं कधीच झडून गेलेलं असतं आणि टोक लाकडात दोन इंच आत. वरून काही दिसत नाही, दिसतो तो डाग. लोखंडाभोवती साग काळा पडतो, म्हणून आधी तारेच्या ब्रशने धूळ-चुना खरवडायचा आणि काळे ठिपके शोधत जायचं. मग भिंतीतल्या वायरी शोधायचं हातातलं यंत्र चारही अंगांवरून फिरवायचं. ते ओरडलं की खडूची खूण. डोकं शाबूत असेल तर अंबूर पुरतो, नसेल तर भोवतीचं लाकूड पटाशीने उकरून खिळा मोकळा करावा लागतो. एक राहिलेला खिळा रंधा मशीनच्या पात्यांना खवले पाडतो आणि पुढच्या प्रत्येक फळीवर त्या खवल्याची उंच रेघ उमटत राहते.

आता हिशेब. सहा इंची लगीतून एक इंची सहा फळ्या निघतील असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात आधी पृष्ठभाग साफ करण्यात थोडं लाकूड जातं, मग गोल करवतीचं पातं प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर भुसा करतं, आणि कापलेली फळी सरळ करताना पाचेक मिलिमीटर जाडी साली होऊन पायाशी पडते. म्हणजे २० मिलिमीटरच्या तयार फळ्या पाच. दीडशे मिलिमीटरपैकी शंभर हाती, बाकी पोत्यात. बँडसॉचं पातं पातळ असल्याने तिथे काप कमी खातो. म्हणून मोठी लग मी सॉ मिलवर नेऊन चिरून आणतो.

चिरतानाच लाकडाचा स्वभाव कळतो. काही लगी पात्याच्या मागे आपोआप उघडत जातात, काही मिटत येतात. लाकूड वाळताना कडांच्या दिशेने आणि गाभ्याच्या दिशेने सारखं आकसत नाही. सागात वार्षिक वलयांना धरून होणारं आकसणं आडव्या किरणांच्या दिशेपेक्षा दुपटीहून अधिक असतं. ही ओढाताण अखंड लगीत कोंडलेली राहते. चिरलं की ती सुटते. त्यातून लगीने कित्येक दशकं माडीचा भार वाहिलेला, त्याचा बाक वेगळाच. गोल करवतीवर काप मिटायला लागला तर दोन्ही बाजू पात्याच्या मागच्या दातांना चिमटतात आणि फळी कापणाऱ्याच्या पोटाकडे भिरकावली जाते. पात्यामागे उभी पोलादी पट्टी असते ती याचसाठी. अनेक जण आड येते म्हणून ती काढून ठेवतात. मला तो शुद्ध अविचार वाटतो.

त्याहून मोठा अविचार गल्लोगल्ली दिसतो. फरशी कापायचं चार इंची कटर, त्याला लाकडाचं दातेरी पातं, गार्ड काढलेलं, आणि हे सगळं प्लायच्या टेबलाखाली उलटं बसवून त्याची करवत केलेली. हे कटर मिनिटाला तेरा हजारांच्या आसपास फेरे मारतं. ११० मिलिमीटर व्यास धरला तर दाताचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर होतो. माझ्या दहा इंची करवतीच्या दातांचा वेग त्याच्या निम्मा आहे. प्लाय कापायला लोक ते वापरतात आणि बऱ्याचदा निभावतं. प्लायमध्ये कोंडलेला ताण नसतो. जुन्या लगीत तो ठासून भरलेला असतो.

बाक आलेल्या फळीवर एक साधा उपाय आहे, जो यंत्र विकणारा सांगत नाही. आठ फुटी फळीला मध्ये १२ मिलिमीटर बाक असेल आणि ती तशीच सरळ करायला घेतली तर निम्मी जाडी संपते. तीच मधोमध कापून चार-चार फुटी दोन केल्या तर प्रत्येकीत बाक उरतो तीन मिलिमीटर, कारण लांबी निम्मी झाली की बाक चौथाईवर येतो. म्हणून आधी लांबी कापायची, मग रंधा. आणि रंधा म्हणजे आधी सर्फेस, मग थिकनेस. थिकनेस मशीनचे रूळ वाकडी फळी दाबून धरतात, वरून सारखी करतात आणि पलीकडे सोडून देतात. सुटली की ती पुन्हा वाकते. बाक तोच, फक्त गुळगुळीत.

सरळ केलेल्या फळ्या लगेच वापरायच्या नाहीत. मध्ये चिपा घालून, हवा खेळेल अशा रचून दोन-तीन आठवडे ठेवायच्या. आतला भाग आता पहिल्यांदाच उघड्यावर आलेला असतो. रचलेल्या चळतीत एखादी पिळते, एखादी पन्हळते. त्यासाठीच तयार मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त जाडी राखायची.

माझ्याकडे अधूनमधून येणारे एक मिस्त्री या चळतीची थट्टा करतात. ‘साहेब, ह्यातला जीव कधीच गेलाय. आता ते काय हलणार?’ त्यांचं अर्धं खरं आहे. ओल्या झाडाचं पहिलं मोठं आकसणं संपलेलं असतं. पण लाकडाचे तंतू हवेतली ओल पितात आणि सोडतात, हे लाकूड कितीही जुनं झालं तरी थांबत नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, पावसाळ्यात ८० च्या वर चढते. माझं ओल मोजायचं यंत्र त्याच फळीत मे महिन्यात नऊ टक्के दाखवतं आणि ऑगस्टमध्ये चौदा. फूटभर रुंदीच्या, कडेने चिरलेल्या सागाच्या फळीला एवढ्या फरकाने जवळपास तीन मिलिमीटरची ये-जा होते. गाभ्यातून काटकोनात काढलेल्या फळीला दीड. साग हा या बाबतीत सभ्य आहे, बहुतेक कठीण लाकडं याहून जास्त फुगतात.

सागाचा दुसरा गुण म्हणजे तो हत्यारं खातो. त्याच्या तंतूंत वाळूचंच द्रव्य असतं, सिलिका. साध्या पोलादाच्या पात्याची धार पाहता पाहता बोथट होते, कार्बाइडचे दातही पाइनच्या मानाने लवकर थकतात. बोथट पातं कापत नाही, जाळतं. फळीच्या कडेवर तपकिरी करपट पट्टा दिसला की मोटारला दोष देण्याआधी दात पाहावेत. त्याच्या तेलकटपणामुळे डिंकही नीट धरत नाही, म्हणून जोड रंधल्यावर त्याच दिवशी चिकटवायचा किंवा आधी थिनरने पुसायचा. आणि भुसा! लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये पहिल्या वर्गाच्या कर्करोगकारकांत घातलं आहे. यंत्र चालू असताना मास्क नाकावर हवा, गळ्यात नव्हे.

गेल्या खेपेला कपाटाची दारं केली. उभे-आडवे पट्टे कुसू घालून जोडले आणि मधलं सागाचं पॅनेल त्यांच्या खोबणीत बसवलं. मिस्त्रींनी पट्ट्यांच्या जोडांना डिंक लावला, पॅनेलला मात्र कुठेच नाही. वर पॅनेल खोबणीत हाताने सरकवून पाहिलं. मी म्हटलं, ‘मिस्त्री, हे तर हलणार नव्हतं ना?’ ‘पॅनेलला डिंक लावत नसतात, साहेब,’ ते म्हणाले, आणि पुढच्या दाराकडे वळले.

किती जागा सोडायची हे महिन्यावर ठरतं. मे महिन्यात पॅनेल सर्वांत अरुंद असतं, तेव्हा फूटभर रुंदीला दोन्ही बाजूंना मिळून चार मिलिमीटर मोकळे ठेवायचे. ऑगस्टमध्ये ते पूर्ण फुगलेलं असतं, एक मिलिमीटर पुरतो. मात्र खोबण तेव्हा खोल हवी, नाहीतर उन्हाळ्यात कड बाहेर येते. पॉलिशही दार जोडण्याआधी पॅनेलच्या कडांपर्यंत करून घ्यायचं. नंतर केलं तर मार्चमध्ये पट्ट्याला लागून कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते.