खुबा सरकला, पण कागदावर काय लिहिले?

पनवेलजवळ कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. वेगातली मोटार आदळली म्हणजे पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आपटतो आणि धक्का मांडीच्या हाडातून थेट खुब्याला पोचतो. हाडाचा गोळा खोबणीतून पार निघाला, तर सांधा निखळला; सरकून काठावर राहिला, तर अर्धवट निखळला. पण मंडळी, तान्ह्या मुलाचा खुबा जन्मतःच असा काठावर असू शकतो!

दवाखान्यातल्या रोगांच्या नोंदींना अंक देतात. १९४८ पासून हे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. अकरावी आवृत्ती २०२२ मध्ये लागू झाली, तरी दहावी अजून पुष्कळ ठिकाणी चालते. तिच्यात इजेने निखळलेला खुबा म्हणजे 'एस ७३.०'. अर्धवट असला तरी तोच अंक, आणि उजवा की डावा हे त्यातून कळतच नाही. जन्मजात अर्धवट, एका बाजूचा, तो मात्र 'क्यू ६५.३', दोन्ही बाजूंचा 'क्यू ६५.४'. अंक घालणारा माणूस रोगी पाहत नाही, कागद पाहतो. नुसते 'खुब्यात दुखते' एवढेच लिहिले, तर त्याने काय करावे?

म्हणून घरी निघण्यापूर्वी कागद वाचून घ्या. बाजू कोणती, पूर्ण की अर्धवट, जन्मापासूनचे की पडून झालेले, आणि सांधा किती वाजता बसवला. पूर्ण निखळलेला सांधा बसवायला उशीर झाला, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड पुढे खचू शकते. वर्षभराने पाय लंगडू लागला, तर नवे डॉक्टर हीच वेळ विचारतील. आणि गुरुजी, वर्गातले एखादे मूल लंगडत असेल, तर त्याच्या आईबापांना जन्माच्या वेळचे कागदही बरोबर न्यायला सांगा.