आपल्याच केसांची ओळख

आजचा प्रश्न वरवर साधा वाटेल. स्वतःचे केस आवडायला शिकावं का लागतं? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीला आपल्याच डोक्यावरचे कुरळे केस परके कसे झाले?

आपण थोडं मागे जाऊ. १७८६ साल. लुइझियाना तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. गव्हर्नर मिरो यांनी फर्मान काढलं की, गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनीही केस फडक्याखाली झाकावेत. त्या बायकांनी काय करावं? त्यांनी रंगीबेरंगी, उंची कापडं अशी काही झोकात बांधली की शिक्षेचाच दागिना झाला!

बाहेरच्या फर्मानाला असं उत्तर देता येतं. तेच मनात शिरलं की मात्र अवघड होतं. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या ग्रंथात दुहेरी जाणिवेची कल्पना मांडली : माणूस स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो. 'चांगले केस' म्हणजे सरळ केस, हे मुलीला पुष्कळदा घरातच ऐकायला मिळतं, तेही मायेपोटी. लेकीला उद्या नोकरी मिळावी, कुणी हसू नये, एवढंच आईच्या मनात असतं. म्हणून तापवलेला कंगवा येतो. पुढे केस सरळ करणारी रसायनं येतात. त्यांतल्या काहींत चक्क कॉस्टिक सोडा असतो, त्याने डोक्याची कातडी भाजते.

आता एक गंमत पाहा. रसायन मुळाला बदलू शकत नाही. नवा केस जन्मतः होता तसाच कुरळा उगवतो. लहानपणापासून रसायन लावत आलेली बाई जेव्हा ते थांबवते, तेव्हा पस्तिशी-चाळिशीत ती आपले केस जणू पहिल्यांदाच बघते. जे पाहिलंच नाही त्यावर प्रेम कसं करणार? म्हणून आम्हाला वाटतं, इथे आधी ओळख आणि मग प्रेम. टाळूचं तेल वळणावळणाच्या केसातून टोकापर्यंत सहज उतरत नाही, म्हणून तो कोरडा पडतो. तो ओला असताना रुंद दातांच्या कंगव्याने, खालून वर सोडवायचा असतो. हे हाताला कळलं की लक्षात येतं, केस 'हट्टी' नव्हते, कंगवाच दुसऱ्याच्या केसांसाठी बनवलेला होता.

पण मग सगळं तिनेच शिकायचं का? ती शिकली आणि तिचा साहेब शिकला नाही, तर वेणी घातली म्हणून नोकरी जाऊ शकते. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये 'क्राउन अ‍ॅक्ट' करून कामाच्या ठिकाणी आणि शाळेत केसांच्या पोतावरून, वेण्यांवरून भेदभाव करायला बंदी केली. पुढे अनेक राज्यांनी तसे कायदे केले. फर्मानाने झालेली इजा भरून यायला कायद्याचीही मदत लागते, ती अशी.

तेव्हा 'स्वतःवर प्रेम कर' असं कुणाला सांगण्याआधी आपण एवढं विचारू या : तिच्याकडे आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहोत?