औषधांना दाद न देणारे जंतू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘इन्फेक्शन झालंय, आणि जंतू बहुतेक औषधांना दाद देत नाही,’ असं आयसीयूतले डॉक्टर सांगतात तेव्हा नातेवाइकांच्या पायाखालची जमीन सरकते. त्या घाबरलेल्या अवस्थेत काही चुकीच्या समजुती मनात पक्क्या बसतात आणि त्या रुग्णाला महागात पडू शकतात.

गैरसमज: पेशंटच्या अंगाला अँटिबायोटिकची सवय झाली.

वस्तुस्थिती: बदलतो तो जंतू, शरीर नव्हे. औषधानं साधे जंतू मरतात, तग धरणारे उरतात आणि वाढतात. क्लेबसिएलासारखे जंतू हा गुण प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांमधून दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. म्हणून ज्यानं कित्येक वर्षांत अँटिबायोटिक घेतलेलं नाही, त्यालाही रुग्णालयात असा संसर्ग होऊ शकतो.

गैरसमज: भारीतलं औषध द्या, उतार पडेल.

वस्तुस्थिती: मेरोपेनेम हे गंभीर संसर्गासाठी राखून ठेवायचं औषध. पण काही जंतू ते निकामी करणारं विकर तयार करतात. त्यांपैकी ‘एनडीएम-१’ हे विकर २००८ साली, भारतात उपचार घेऊन परतलेल्या स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या क्लेबसिएलात प्रथम सापडलं. अशा वेळी कोलिस्टिनसारखी मोजकीच औषधं हाताशी राहतात, आणि कोलिस्टिननं मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून औषधाची किंमत पाहू नका. त्या जंतूवर काय लागू पडतं, ते कल्चर रिपोर्ट सांगतो.

गैरसमज: कल्चरमध्ये जंतू आला म्हणजे अँटिबायोटिक हवंच.

वस्तुस्थिती: बरेच दिवस कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू सापडणं नेहमीचंच आहे. ताप किंवा इतर लक्षणं नसतील, तर बहुतेकदा ते नुसते वस्तीला असतात, आजार करत नाहीत. तिथं विनाकारण औषध दिलं, तर साधे जंतू मरतात आणि चिवट जंतूंना रान मोकळं मिळतं.

गैरसमज: लादी चकचकीत आहे, सगळे हातमोजे घालतात, इथं जंतू कुठून येणार?

वस्तुस्थिती: ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. कॉटचा कठडा, व्हेंटिलेटरची बटणं, मॉनिटरच्या वायरी, खिशातला मोबाइल यांवरून तो हाताला लागतो आणि हातावरून रुग्णाच्या नळ्यांपर्यंत पोचतो. तेच मोजे घालून शेजारच्या रुग्णाला हात लावला, की जंतूही तिकडे जातात. मोजे काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात.

इथं नातेवाइकांनाही करण्यासारखं पुष्कळ आहे. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर वीस ते तीस सेकंद सॅनिटायझर नीट चोळा, कॉटवर बसू नका. राउंडला डॉक्टर आले की मोकळेपणानं विचारा, ‘ही कॅथेटर, ही सेंट्रल लाइन अजून लागणार आहे का?’ गरज संपलेली नळी त्याच दिवशी निघाली, तर जंतूंचा शरीरात शिरायचा एक रस्ता कायमचा बंद होतो.