घरकुलाचे लक्ष्य लाखांचे, पण जागा कोणाच्या नावावर?

आमच्या पिंपळनेरच्या कापड बाजारात पूर्वी उधारीचे गिऱ्हाईक म्हणत असे, "कांद्याची पट्टी आली की देतो." अलीकडे एक नवे वाक्य ऐकू येते. "शेठ, वहीत मांडून ठेवा, घरकुलाचा हप्ता पडला की देतो." असे म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणत नाही. मात्र काहींची उधारी दोन-दोन वर्षे वहीत पडून राहिली, तेव्हा आम्ही चौकशी सुरू केली, की हा हप्ता येतो कुठून आणि अडतो कुठे. जे कळले ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत.

गरिबाला घर बांधून देण्याची केंद्राची योजना जुनीच आहे. १९८५ साली इंदिरा आवास या नावाने ती सुरू झाली आणि २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) झाली. मार्च २०२४ पर्यंत देशात २ कोटी ९५ लाख घरे, असे लक्ष्य ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढील पाच वर्षांसाठी आणखी २ कोटी घरे मंजूर केली. आपल्या राज्याच्या वाट्याला त्यातून मोठा आकडा आला. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याच्या एका कार्यक्रमात २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे आणि १० लाख जणांना पहिला हप्ता देण्यात आला. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण आपण दुकानदार, आपला हिशेब एका घराचा. सपाट भागात एका घराला १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. ही रक्कम २०१६ साली ठरली. त्यानंतर सिमेंट, सळई, वाळू व गवंड्याची मजुरी कुठल्या कुठे गेली, हे ज्याने साधी न्हाणी बांधली त्यालाही ठाऊक आहे. २०२५ साली राज्याने आपल्याकडून ५० हजारांची भर घातली, त्यातील १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी. शौचालयाचे १२ हजार निराळे. घर निदान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे असावे लागते.

पैसा एकदम मिळत नाही. पहिला हप्ता १५ हजारांचा. त्यानंतर जोता झाला की फोटो काढून तो संगणकावर चढवतात, मग पुढचा हप्ता. भिंती, छत, असे टप्पे. आता १५ हजारांत जोता होतो काय? होत नाही. तेव्हा गरीब माणूस सिमेंटच्या दुकानी उधारी करतो, गवंड्याला थांबवतो आणि पोरीच्या लग्नाचे कापड आमच्याकडून वहीत मांडून नेतो. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले कुटुंब तर फोटो काढायच्या दिवशी गावातच नसते. हप्ता थकला की तीन दुकानांची उधारी थकते. म्हणून गिऱ्हाइकाने 'हप्ता' म्हटले की आम्ही आता विचारतो, "जोता झाला का? फोटो निघाला का?" वहीत मांडण्याआधी इतके विचारावे.

हे झाले ज्यांची नावे यादीत आहेत त्यांचे. आपल्या कारागीर समाजाची अडचण त्याच्या आधीची आहे.

योजनेच्या आराखड्यात ६० टक्के घरे अनुसूचित जाती-जमातींसाठी राखून, शक्यतो १५ टक्के निधी अल्पसंख्याकांसाठी ठेवावा, असे लिहिले आहे. राज्याने २०२३ साली इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास योजना आणली. तीन वर्षांत १० लाख घरे व १२ हजार कोटी रुपये, अशी तिची आखणी होती. मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान हे सारे राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. मग अडते कुठे? दाखल्यापाशी. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. आमच्या वडिलांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले आहे आणि आमच्याही. मास्तरांनी कोणाला विचारले नाही, कोणी सांगितले नाही. अशा घरांनी तहसील कचेरीत जाऊन जुन्या कोतवाल बुकाची व जन्म-मृत्यू नोंदीची नक्कल मागावी. त्यात पुष्कळदा आजोबांच्या नावापुढे पिंजारी किंवा मोमीन असे स्पष्ट लिहिलेले सापडते. चुलत घराण्यात कोणाकडे जात पडताळणीचे प्रमाणपत्र असेल तर त्याचाही उपयोग होतो. आणखी एक बारीक गोष्ट. घर शक्यतो घरातील बाईच्या नावावर किंवा जोडनावाने मिळते आणि आपल्या बायकांच्या नावात एका कागदावर 'बी' असते, दुसऱ्यावर नसते. एवढ्याने बँक खाते जुळत नाही. हे आधीच दुरुस्त करून घ्यावे.

परंतु सगळ्यात मोठी गोष्ट जागेची. आमच्या ओट्यावर एक शिंपी बांधव बावीस वर्षे मशीन चालवतो. राहतो भाड्याच्या एका खोलीत. २०१८ च्या सर्वेक्षणात त्याचे नाव आले, पण जागा नाही म्हणून काम पुढे सरकले नाही. जागा विकत घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना २०१५ पासून होती. तिच्यात सुरुवातीला ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेस ५० हजार मिळत. त्या पैशात पिंपळनेरच्या पेठेत ओटासुद्धा येत नाही. तो थांबून राहिला.

एवढ्यात गावच बदलले. ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, २०२५ च्या अखेरीस तिची पहिली निवडणूकही झाली. याचा अर्थ पुष्कळांच्या ध्यानात आलेला नाही. ग्रामीण योजनेचा दरवाजा खेड्यांसाठी, शहराची योजना निराळी. सप्टेंबर २०२४ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, लक्ष्य देशभरात १ कोटी घरे. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख, मिळून अडीच लाख. रक्कम जास्त, हा फायदा. मात्र जागेचा मालकीचा कागद, बांधकाम परवानगी व ३ लाखांच्या आतील उत्पन्नाचा दाखला हवा, देशात कुठेही पक्के घर नको, आणि अर्ज स्वतः करावा लागतो. ज्यांची नावे जुन्या यादीत आहेत त्यांनी साक्रीच्या पंचायत समितीत व नगरपरिषदेत, दोन्हीकडे आपले नाव कुठल्या स्थितीत आहे हे लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

मग ज्याला जागाच नाही त्याने काय करावे? सोलापूरकडे पाहावे. तेथील कुंभारी गावाजवळ विडी कामगार बायांची १० हजार घरांची वसाहत २००६ साली झाली. तिच्यामागोमाग यंत्रमाग, शिलाई, विडी व कचरा वेचणाऱ्या कामगारांनी सोसायटी करून रे नगर उभे केले, ३० हजार घरांचे. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातील १५ हजार घरे पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आली. त्यात पुष्कळ मुसलमान कारागीर आहेत. केंद्र-राज्याचे अडीच लाख आणि बाकीचा भार सभासदांचा. एकट्याला जी जागा मिळत नाही ती सोसायटीला मिळाली.

सोसायटीच्या नावाने कोणी पैसे गोळा करू लागला तर मात्र जळगाव आठवावे. तेथे नगरपालिकेने नव्वदच्या दशकात ११ हजारांवर घरकुले बांधायला काढली, त्यातील दीड हजाराच्या आसपासच पुरी झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणी ४८ जणांना शिक्षा सुनावली. पुढे अपिले झाली, पण घरे काही झाली नाहीत. तेव्हा जमिनीचा उतारा सोसायटीच्या नावावर झाल्याशिवाय हप्ता भरू नये आणि भरला तर बँकेतून भरावा.

आमच्या ओट्यावरच्या शिंपी बांधवाने गेल्या आठवड्यात कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज दिला. त्याच्यासारख्या भाडेकरूंची नावे आम्ही दुकानात एका वहीत लिहून घेत आहोत. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी आधार, रेशनकार्ड व शाळेचा दाखला यांच्या झेरॉक्ससह यावे. शुक्रवारी दुकान दुपारनंतर उघडे असते.