खडीवर प्लॅस्टिकचा लेप

टाकाऊ पिशव्यांचे प्लॅस्टिक डांबरी रस्त्यात वापरण्याची पद्धत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केली. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. कृती सोपी आहे. खडी साधारण 160 ते 170 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, तिच्यावर प्लॅस्टिकचा बारीक चुरा टाकायचा. तो जळत नाही. वितळून खडीला लेपासारखा चिकटतो. मग डांबर मिसळायचे. या लेपावर डांबर घट्ट बसते आणि पाणी सहज आत शिरत नाही. पावसाळ्यातले बरेचसे खड्डे या पाण्यामुळेच तर पडतात! अर्थात, पायाच कच्चा असेल तर लेप काय करणार? पीव्हीसी मात्र चालत नाही, तापल्यावर त्यातून घातक वायू निघतो. खरकटे लागलेले प्लॅस्टिकही उपयोगाचे नाही. तेव्हा सुका कचरा घरातच वेगळा ठेवा.