घोकंपट्टी नव्हे, विचार

माध्यमिक शाळेतील सामाजिक शास्त्र हा विषय बहुधा पाठांतराचा समजला जातो. सनावळ्या घोकाव्यात, परीक्षेत लिहाव्यात आणि निकाल लागताच विसरून जाव्यात, अशी जणू रूढीच पडली आहे. वास्तविक मुलाने कारण शोधावे, नकाशा वाचावा आणि दोन्ही बाजू ऐकून मत बनवावे, हा या विषयाचा हेतू होय. ही पात्रता कशी अंगी येते, हे उत्तर गोव्यातील पेडणे व डिचोली तालुक्यांच्या उदाहरणांवरून सहज ध्यानात येईल.

बारदेशात गावोगाव जुनी चर्चे आहेत. शापोरा नदी ओलांडून पेडण्यात शिरताच ती विरळ का होतात? हा प्रश्न शिक्षकांनी फळ्यावर लिहावा व उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. बारदेश सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हाती गेला. डिचोली १७८१ साली व पेडणे १७८८ साली. या नव्या काबिजादीतील प्रजेचा धर्म व चालीरीती राखण्याचे अभिवचन राज्यकर्त्यांनी दिले होते. कारण उमगले की सन घोकावा लागत नाही.

भूगोलाचेही तसेच. तेरेखोल नदी गोव्याच्या उत्तर सीमेवर वाहते. परंतु तेरेखोलचा किल्ला नदीच्या पलीकडील तीरावर असूनही गोव्यातच मोडतो. सीमा केवळ निसर्ग आखीत नाही, इतिहासही आखतो, हे नकाशावर बोट ठेवताच मुलांना कळते.

नागरिकशास्त्राची खरी कसोटी डिचोलीच्या लोहखनिजाच्या खाणींपाशी लागते. खाणींमुळे कोणाच्या शेतात गाळ आला, तर कोणाची चूल ट्रकच्या फेऱ्यांवर पेटली. २०१२ साली खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्यावर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. पुढे लिलावाने नवे पट्टे दिले गेले. वर्गात एका गटाने शेतकऱ्याची, दुसऱ्याने खाणकामगाराची बाजू मांडावी व मग बाजूंची अदलाबदल करावी. ट्रकवाल्याच्या मुलाने शेतकऱ्याचे गाऱ्हाणे प्रामाणिकपणे मांडले, तर तो हा विषय खरोखर शिकला असे समजावे.

अशा अध्यापनाला वेळ लागतो, आणि अभ्यासक्रम संपविण्याची घाई तर सर्वत्र असते. म्हणून पालकहो, ‘गुण किती मिळाले?’ याबरोबरच ‘आज कोणता प्रश्न विचारलास?’ असेही मुलांना विचारा. १९६१ सालचा गोवामुक्तीचा डिसेंबर ज्यांनी पाहिला, त्या आजी-आजोबांपाशी त्यांना बसवा. हीच मुले उद्या ग्रामसभेत गावाचे निर्णय घेतील; तेथे पाठ केलेली उत्तरे कामी येणार नाहीत.